बाईंचा मूळ पुरुष

निवृत्त इंजिनिअर घरात मोकळा सोडू नये, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे, आणि ते तिनं माझ्या निवृत्तीच्या पार्टीत केक कापायच्या आधीच जाहीर केलं होतं. तिचं खरंच होतं. पहिल्या काही महिन्यांत मी गराज आवरलं, मसाल्याच्या डब्यांना छापील लेबलं चिकटवली आणि डिशवॉशर भरायची एक शास्त्रशुद्ध पद्धत काढली, जी मी सोडून कुणीच पाळली नाही. शेवटी तिनंच पुण्याला फोन करून मला आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताला जुंपलं. अमेरिकेतल्या शाखांची पुरवणी करायला त्यांना कुणीतरी बिनकामाचा माणूस हवाच होता.

पुरवणी छापून झाली आणि मी स्वतःला वंशावळीतला तज्ज्ञ समजू लागलो. मंडळाच्या गणपतीत कुणी नवीन दिसलं की मी आडनाव विचारायचो, आणि मग त्यांचे पूर्वज कुठून निघून कुठे स्थायिक झाले ते त्यांनाच सांगायचो. पुढे पुढे लोक महाप्रसादाच्या रांगेत माझ्या मागचा नंबर सोडून लांब उभे राहू लागले. हे माझ्या नाही, बायकोच्या लक्षात आलं.

अशा अवस्थेत मी असताना शेजारच्या बाई माझ्याकडे काम घेऊन आल्या. आम्ही नेपरव्हिलमध्ये घर घेतलं तेव्हापासून त्या शेजारी आहेत. अमेरिकन, वय पंच्याऐंशीच्या पुढे. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, भावंडं सगळी गेलेली. आमच्या लेकीला इंग्रजी वाचायला त्यांनीच शिकवलं, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव पहिल्यापासून बाईच. माझ्या बायकोची आणि त्यांची मैत्री स्वयंपाकघराच्या दाराने चालते. मी त्या दारात आलो तर फक्त बर्फ काढायचं फावडं मागायला.

बाई खुर्चीत बसल्या, चहा घेतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. हृदयाचं काही चांगलं चाललेलं नव्हतं, डॉक्टरांनी लपवलं नव्हतं, आणि आपल्याला कुठे पुरायचं ते आपल्या हयातीत ठरावं असं त्यांना वाटत होतं. तासाभरावर पश्चिमेला, मक्याच्या शेतांमध्ये, अर्ध्या एकराची एक जुनी दफनभूमी आहे. तिथल्या पहिल्या वसाहतीतल्या एका शेतकऱ्यानं आपल्या रानाचा कोपरा त्यासाठी राखून ठेवला होता. आता तिथे एक छोटा ट्रस्ट आहे आणि त्याचा नियम असा की त्या शेतकऱ्याच्या थेट वंशजालाच जागा मिळेल. बाई लहान असताना त्यांचे आजोबा तिथून जाताना गाडीतून बोट दाखवून म्हणायचे, आपली माणसं तिथे आहेत. एवढंच. कोण माणसं, कशी आपली, ते आजोबांनी सांगितलं नाही, आणि लहान मुलीनं विचारलं नाही.

"मला परक्या लोकांत झोपायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला यातलं कळतं असं तुमची बायको म्हणते."

बायको असं म्हणाली असेल यावर माझा विश्वास बसायला नको होता, पण बसला. मी म्हणालो, त्यात काय, दोन वीकेंडचं काम.

त्या पहिल्या वसाहतीच्या काळात तिकडे जन्ममृत्यूची नोंद नव्हती. माणूस कागदावर यायचा तो जमीन घेतली की, विकली की, नाहीतर कर भरला की. हे ऐकून मला उलट स्फुरण चढलं. आमच्या गावच्या जमिनीचे सातबारे आणि फेरफार मी कॉलेजात असल्यापासून काकांसाठी वाचत आलोय. तलाठ्याचं अक्षर लागलेल्या माणसाला जगातलं कुठलंही जमिनीचं दफ्तर अवघड जाऊ नये, अशी माझी समजूत. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात गेलो, तिथल्या कारकुनानं माझं पेन काढून घेऊन पेन्सिल दिली, आणि टेबलावर एकेक पोतडीएवढं बाड आणून ठेवलं. विकणाऱ्यांची सूची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी. खरेदीखतं, गहाणखतं, वाटण्या. मी अगदी रमलो. कराची पत्रकं तर त्याहून गोड. कुणाची घोडी किती, डुकरं किती, गाड्या किती, आणि घरात घड्याळ आहे का. सरकारनं भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा कर लावला होता. मी घरी येऊन बायकोला कुणाकडे किती डुकरं होती ते सांगायचो आणि ती भाजी ढवळता ढवळता "हो का" म्हणायची.

बाईंचे वडील आणि आजोबा सहज सापडले. घोडं पेंड खात होतं पणजोबांपाशी. पणजोबांचा बाप कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाईंना पणजोबांचं फक्त पहिलं नाव, आडनाव आणि मधलं एक अक्षर माहीत होतं. पण एका कराच्या पत्रकात कुणा नेटक्या कारकुनानं ते मधलं नाव पूर्ण लिहून ठेवलं होतं, आणि ते वाचून मी खुर्चीतच जरा उडालो. मधलं नाव मिळालं म्हणजे बाप मिळाला. यात शोधायचं काय उरलं? त्या नावाचा आणि बाईंच्याच आडनावाचा एक माणूस शेजारच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे पुढच्याच पंचक्रोशीत, लगेच सापडला. आणि माणूस कसा, तर भरपूर जमीनवाला, गावच्या पलटणीचा कप्तान, पंचायतीत बसणारा. अशा माणसाशी नातं निघालं की संशोधकाला पुढे काही शोधावंसं वाटत नाही.

एक बारीकशी गोष्ट मला खटकली होती, ती इथे सांगतो. पणजोबांचं मधलं नाव आणि दफनभूमी देणाऱ्या त्या शेतकऱ्याचं आडनाव एकच होतं. मी ते पाहिलं. पाहून वहीच्या समासात "योगायोग" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. आपल्याकडे एखाद्याच्या वडिलांचं नाव माधव असलं आणि गावात कुणाचं आडनाव माधव असलं, तर त्यावरून कुणी सोयरीक जुळवत नाही. एवढा साधा विचार मी केला, आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही झालो.

थोडक्यात निष्कर्ष असा निघाला की बाई त्या शेतकऱ्याच्या वंशातल्या नव्हत्याच. त्या कप्तानाच्या वंशातल्या होत्या.

मी मोठ्या कागदावर वंशवृक्ष काढून घेतला, अगदी आमच्या कुलवृत्तांताच्या पद्धतीनं. सर्वांत वर मूळ पुरुष, खाली मुलगा, खाली त्याचा मुलगा, नुसती पहिली नावं. बापाचं नाव वरच्या चौकटीत असताना मुलाच्या नावापुढे ते पुन्हा कशाला लिहायचं? कप्तानाच्या मागे आणखी दोन पिढ्या पार पूर्व किनाऱ्यापर्यंत नेल्या, कारण एकदा हात बसला की थांबवत नाही. फ्रेम करून घेतली. रविवारी दुपारी बाईंच्या दिवाणखान्यात मी त्याचं रीतसर उद्घाटन केलं आणि कप्तानाविषयी बराच वेळ बोललो.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. "म्हणजे त्या कोपऱ्यातली माणसं माझी नाहीत," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, नाहीत, पण ही बघा किती मोठी आहेत.

त्यांनी माझे आभार मानले, ॲपल पाय कापून दिला, आणि फ्रेम सोफ्याला टेकवून ठेवली. मी तो खाल्ला. दुसरा तुकडाही घेतला. घरी येईपर्यंत मला वाटत होतं की काम झकास झालं.

बायको माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही, आणि मग बोलली. "अहो, त्यांनी तुमच्याकडे जागा मागितली होती. तुम्ही खानदान दिलंत." मी म्हणालो, खरं ते सांगायला नको का? ती म्हणाली, बाईंनी दुपारीच फोन करून हायवेजवळच्या मोठ्या सिमेट्रीचं माहितीपत्रक मागवलंय. ते पत्रक मी नंतर त्यांच्या टेबलावर पाहिलं. हिरवळ, कारंजं आणि सोपे मासिक हप्ते. मला मनातून वाईट वाटत होतं, पण वाईट वाटणं आणि आपण चुकलो असं वाटणं यांत माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

हिवाळा लागला. रस्ते निसरडे झाल्यावर बाईंना हृदयाच्या डॉक्टरांकडे मीच नेऊ लागलो. एकदा परत येताना त्यांच्या औषधांच्या दुकानात थांबलो. काउंटरवरच्या मुलीनं ओळख म्हणून माझं लायसन्स मागितलं आणि माझं मधलं नाव वाचायचा प्रामाणिक प्रयत्न केला. तीन अक्षरांवर ती अडखळली, चौथ्याला तिनं हात टेकले. गाडीत बसल्यावर बाईंनी विचारलं, ते एवढं लांबलचक नाव कुणाचं?

मी सांगितलं, वडिलांचं. आमच्याकडे प्रत्येकाचं मधलं नाव वडिलांचंच असतं. बायकोचं लग्नानंतर नवऱ्याचं. माणूस कुणाचा ते त्यातच कळतं, वेगळं विचारावं लागत नाही. मला आपल्या या पद्धतीचा अभिमान आहे आणि तो मी त्यांना जरा विस्तारानंच ऐकवला. सिग्नल येऊन गेला तरी माझं चालूच होतं.

बाईंनी मला हातानं थांबवलं. मग वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाला विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "माझ्या पणजोबांचं मधलं नाव तुम्हाला कुठे सापडलं होतं का?"

"हो. त्यावरूनच तर त्यांचे वडील सापडले."

"काय होतं?"

मी सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

"ते त्यांच्या वडिलांचं नाव नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे बापाचं नाव असं मध्ये घालायची पद्धत नाही. आईच्या माहेरचं आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून देतात, ते बुडू नये म्हणून."

एवढं बोलून त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग छातीवर हात ठेवून. मला भीती वाटली, आत्ताच डॉक्टरांकडून आणलंय यांना. मी गाडी एका बँकेच्या पार्किंगमध्ये घातली. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि मला म्हणत होत्या की तुम्ही काहीच चूक केली नाहीत, फक्त तुमच्या देशातला बाप माझ्या पणजोबांना दिलात. मला हसू आलं नाही. मला माझ्या वहीतला तो "योगायोग" दिसत होता, खाली मारलेल्या रेघेसकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लेकीला शिकवली होती, तिचा अर्थ चित्र काढून समजावला होता.

पुढच्या वेळी नोंदणी कार्यालयात बाई माझ्याबरोबर आल्या. त्यांना ऑक्सिजन नको होता, उशी हवी होती, ती बायकोनं दिली. मी आता माझी पद्धत बदलली, म्हणजे बाईंनी बदलायला लावली. जुन्या खरेदीखतांत शेवटी एक परिच्छेद असतो. नवरा जमीन विकतोय म्हटल्यावर अधिकारी बायकोला बाजूला, नवऱ्यापासून वेगळं बोलावून विचारायचा की बाई, तू हे स्वखुशीनं करतेस ना, धाकानं तर नाही? मग ती सही करायची, नाहीतर फुली मारायची. हा परिच्छेद सगळीकडे तोच, शब्दाला शब्द तोच, म्हणून मी तो सरसकट सोडत आलो होतो. बाई ओळीवर बोट ठेवून तेच परिच्छेद वाचत होत्या, प्रत्येक बायकोचं नाव अर्ध्या आवाजात उच्चारत. मी पानं उलटत होतो. मला कुणी काम करताना गप्प बसवलं तर मी चिडतो, पण त्या दिवशी चिडलो नाही.

शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर वारसांनी जमीन विकल्याचा कागद मी आधी पाहिला होता. मुलगे पाहिले होते. अर्धा एकर वगळल्याचं वाक्य पाहिलं होतं, ते तर उतरवूनही घेतलं होतं. मुलग्यांच्या खाली एक लेक होती, नवऱ्यासह. नवऱ्याचं आडनाव बाईंचंच. त्याला वेगळं उभं करून तिला विचारलं गेलं होतं, आणि तिनं स्वखुशी म्हणून फुली मारली होती. बाईंनी त्या फुलीवर बोट ठेवलं आणि काढलंच नाही. मग आम्ही त्या जावयाची जमीन पुढे कुणाच्या नावावर चढली ते पाहिलं, तर पणजोबांच्या. ती फुली त्यांच्या आईची होती. त्यांना जमीन कुठून आली हे मी पहिल्या खेपेला तपासलंच नव्हतं. एकदा कप्तान सापडल्यावर कोण तपासतो?

घरी आल्यावर मी बायकोला एक शिल्लक राहिलेलं कोडं सांगितलं. शेतकरी गेला त्या वर्षापर्यंत कराच्या पत्रकात त्याच्या घरी घड्याळ आहे. नंतर मुलाच्या घरी नाही. मी लिहून ठेवलं होतं, विकलं असावं. आता पाहतो तर ते जावयाच्या घरी. बायको म्हणाली, त्यात कोडं कसलं, शेतकऱ्याची म्हातारी बायको मुलीकडे राहायला गेली, घड्याळ घेऊन. मी म्हणालो, मुलगे असताना? मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात. आमची लेक सनीव्हेलला असते, वर्षभर आम्हाला तिकडे या म्हणतेय, आणि मी दर वेळी हेच कारण मनात धरून वेगळंच कारण सांगतोय, हे बायकोला माहीत होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, एवढंच म्हणून ती पोळ्या लाटायला गेली.

बर्फ वितळल्यावर ट्रस्टची बैठक झाली. बैठक म्हणजे टाउनशिपच्या शेडमध्ये, बर्फ काढायच्या ट्रकांमधल्या जागेत एक घडीचं टेबल आणि तिघे ट्रस्टी, तिघेही शेतकरी. मी स्लाइड्स तयार केल्या होत्या. घरातून निघताना बायकोनं प्रोजेक्टर माझ्या हातातून काढून सोफ्यावर ठेवला. तरी तोंडी भाषण माझ्याजवळ होतंच, मधल्या नावांच्या तौलनिक पद्धतींसह. अध्यक्षांनी आमचा कागद वाचला, दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसरा म्हणाला, ठीक दिसतंय. मी उभा राहिलो होतो, तो खाली बसलो.

मग आम्ही सगळे बाहेर, त्या अर्ध्या एकरात गेलो. लोखंडी कुंपण, थोडे कललेले दगड, चहूकडे नांगरलेली काळी जमीन. बाई काठी टेकत एकेका दगडापाशी थांबत होत्या. शेतकऱ्याच्या त्या लेकीचा दगड सापडला. त्यावर तिचं पहिलं नाव होतं आणि अमक्याची बायको एवढंच. बाईंनी त्याच्या शेजारची मोकळी जागा दाखवली आणि इथे म्हणाल्या. अध्यक्षांनी खिशातून एक झेंडी काढून मातीत खोचली. मग त्यांनी विचारलं, वंशजाला दोन जागा मिळतात, दुसरी कुणासाठी? नियमात जोडीदार असं लिहिलंय, पण जोडीदार नसेल तर तुम्ही म्हणाल त्याच्यासाठी.

बाईंनी जराही वेळ घेतला नाही. त्यांनी माझ्याकडे आणि बायकोकडे काठी केली.

मी विनोद केला. म्हणालो, आमच्याकडे जाळतात, जागा लागत नाही. अध्यक्ष म्हणाले, राख असली तरी हरकत नाही, त्याला तर कमीच जागा लागते. तिघेही ट्रस्टी माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, तुमचे फार आभार, पण आमचं सगळं ठरलेलं आहे. आणि ठरलेलं होतंच. आमच्या दोघांच्या अस्थी नाशिकला न्यायच्या, माझ्या आईवडिलांच्या नेल्या तशा. ते मी वर्षानुवर्षं गृहीत धरून चाललो होतो. कोण नेणार, तिथे कोण उतरवून घेणार, गुरुजींना फोन कुणी करायचा, हा हिशेब मी कधी केला नव्हता. अमेरिकेतल्या सगळ्या शाखा मला पाठ होत्या. नाशिकमधलं एक दारसुद्धा मला आठवेना.

बायकोनं माझी बाही धरली आणि मराठीत, हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "हो म्हणा. नाशिकला आता आपलं आहे कोण?"

त्या उघड्या रानात वारा जोरात होता. बाईंनी कानामागे हात नेला आणि मला विचारलं, ती काय म्हणाली?

"हो म्हणतेय," मी सांगितलं. पुढचं वाक्य मला त्यांना इंग्रजीत सांगता आलं नाही. अध्यक्षांनी खिशात हात घातला, दुसरी झेंडी शोधली आणि ती पहिलीच्या शेजारी खोचली.